अण्णांच्या खोलीतला माझा नवरा

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जेलमध्ये मुलाखत. म. काचेपलीकडे येऊन बसला तर पटकन ओळखलंच नाही. गाल भरलेत. केस नीट कापलेले, डोळ्यांखालचं काळं गेलंय. मी अंधारात निघून, घाट चढून, दोन ठिकाणी पर्स उघडून दाखवून, चप्पल काढून तिथे पोचलेली. काचेत त्याच्या तोंडावर माझं तोंड दिसत होतं. दोघांतलं आत कोण आहे ते कळू नये असं.

रिसीव्हर उचलून पहिलं वाक्य, "काल अण्णांना दोन चपात्या गेल्या."

म्हटलं, "आणि तुमची आई कशी आहे, ते?"

"कशी आहे?"

"तशीच."

मग परत अण्णा. हल्ली हेच. हाय सिक्युरिटी यार्डात आधी त्याला एकट्याला ठेवलं होतं, तेव्हा निदान रडायचा माझ्यासमोर. दिवाळीच्या आधी एका म्हाताऱ्या कैद्याला मदतनीस पाहिजे म्हणून ह्याला त्याच्या खोलीत टाकलं. म्हाताऱ्याचे हात थरथरतात. बटण लागत नाही, घास तोंडापर्यंत पोचत नाही. म. भरवतो. आंघोळ घालतो. पायाची नखं काढतो. नेलकटर शिपायाकडून मागायचं, त्याच्या डोळ्यांसमोर वापरायचं आणि लगेच परत द्यायचं. हे सांगताना हसत होता.

घरी स्वतःची नखं कापून तिथेच टाकायचा. झाडून मी काढायची.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आईंना पुसून काढलं, पाठीला पावडर लावली. सासूबाई आहेत पण मी आईच म्हणते. त्यांची डावी बाजू गेली तेव्हा म. अजून जेलबाहेरच होता. दारापर्यंत यायचा. दारातच. "मला बघवत नाही" म्हणायचा आणि गाडी काढून जायचा.

त्या गाडीनेच केलं सगळं. कोणाला तरी सोडायला गेला, त्या लोकांनी तिथे जाऊन माणूस मारला, आणि चालवणारा म्हणून हाही आत. टोळीची केस, म्हणून कलम मोठं आणि यार्डही मोठ्या लोकांचं. कोणाला नेतोय ते त्याला माहीत होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही. फोनवर ऐकतात सगळे. आणि माझी छाती होत नाही, ते वेगळं.

आई विचारत होत्या, "म्हयंद्र कसा हाय?" जीभ जड आहे, पण मला कळतं. म्हटलं, मजेत आहे. त्यांना वाटलं चिडून बोलतेय. खरंच बोलत होते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मंगळवारी त्याचा जेलमधून फोन येतो. आमच्या औषधांच्या कंपनीत पॅकिंगला मोबाईल चालत नाही, पण मंगळवारपुरता सुपरवायझर डोळेझाक करतो. गोळ्यांच्या खोक्यांआड उभी राहून बोलले.

आज सगळा दिनक्रम सांगितला. टोल वाजला की उठायचं. मोजणी. चहा. नाश्त्याला आज उपमा. मग छोट्या यार्डात फिरायला सोडतात, चारी बाजूंनी भिंत, वर आभाळाचा चौकोन, अण्णांचा हात धरून गोल गोल चालायचं. दुपारी बंदी, म्हणजे परत खोलीत कुलूप, तेव्हा दोघं झोपतात. उठून पुस्तक. अण्णांना नीट दिसत नाही म्हणून हा मोठ्याने वाचतो. दिवस असतानाच जेवण, मग कुलूप. खोलीतच कोपऱ्यात संडास, पुढे कमरेएवढी भिंत. तेवढ्या वेळ दुसऱ्याने तोंड फिरवून बसायचं. लाईट कधीच बंद होत नाही, डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपायचं. छताला कॅमेरा.

"पण मग गप्पा होतात," म्हणाला. "टॉवेल डोळ्यांवर ठेवून. चांगलं वाटतं."

मी म्हटलं, "कसल्या गप्पा?"

"असंच. जुनं."

माझ्याशी जुनं काय बोललाय हा कधी? माझ्याशी नवंसुद्धा बोलला नाही. लग्न झाल्यापासून "जेवलीस का" आणि "चावी कुठाय."

दुपारी झोपतो!

२३ नोव्हेंबर, रविवार

नणंद आली होती शहाडहून. कुंदाताई. मी मुलाखतीला जाते त्या शुक्रवारी तीच आईंजवळ बसते, म्हणून तिच्याशी भांडायचं नाही असं ठरवलेलं असतं. आज तरी तोंडातून गेलं, "तुमचा भाऊ परक्या म्हाताऱ्याची सेवा करतोय, आणि इथे..."

कुंदाताई भाजी निवडत होती. हातही थांबला नाही. "अगं, बाई असती तर समजलं असतं. बुढ्ढा आहे तो! त्याच्यावर जळतेस?"

हो. बाई असती तर निदान लोकांना सांगता आलं असतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

वकीलबाईंनी काल चांगली बातमी दिली. त्या सिंधी आहेत, उल्हासनगरला कपड्याच्या दुकानावर ऑफिस. मराठीत सुरू करतात आणि मध्येच हिंदीत जातात. "देखो वंदना, त्याला इकडे जवळच्या जेलमध्ये आणता येईल. घरी सासू बेड पे, तू अकेली, इतका लांबचा प्रवास. आणि त्याचं नाव चार्जशीटमध्ये फक्त ड्रायव्हर म्हणून आहे, हाय सिक्युरिटीची गरज काय? जज सुनेगा. बस, अर्जावर त्याची सही पाहिजे."

जवळ म्हणजे रिक्षाने जाता येईल एवढं. दर आठवड्याला जाता येईल. घाट नाही, सुट्टीचा अख्खा दिवस जाणार नाही.

उड्या मारतच सांगितलं म.ला. काचेपलीकडे तो खाली बघत राहिला.

"बघू," म्हणाला.

"बघू काय?"

"इथे सेट झालोय. तिकडे बराकीत माणसं कोंबलेली असतात. आणि अण्णांना नवीन माणूस... त्यांना कोणाचा हात पटकन चालत नाही."

वेळ संपली. फोन आपोआप कट होतो, तोंड हलत राहतं. त्याचं तोंड हलत होतं. काय म्हणत होता देव जाणे. मी वाचायचा प्रयत्न केला नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

कंपनीत एक अख्खं खोकं उलटं भरलं. बोलणी खाल्ली.

सेट झालोय म्हणे.

२ डिसेंबर, मंगळवार

फोन आला. उचलला नाही. वाजू दिला. मग पूर्ण शिफ्ट त्या वाजण्याचा आवाज कानात.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज मुलाखतीचा शुक्रवार नाही. कंपनीला सुट्टी. आईंना खुर्चीत बसवून दारात उन्हाला आणलं. समोरच्या कारखान्याचा वास होता, पण ऊन छान होतं. त्यांचे केस विंचरता विंचरता सांगितलं सगळं. म. इकडे यायला तयार नाही, तिकडे एका म्हाताऱ्याला न्हाऊ घालतो, भरवतो.

आई रस्त्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं वाईट वाटलं. मग त्यांनी विचारलं, "नीट भरवतो का? का घाई करतो?"

मला काय माहीत नीट भरवतो का! माझ्यासमोर कधी कोणाला भरवलंय त्याने?

आणि आई चक्क हसल्या. अर्धं तोंडच हसतं त्यांचं. लेकाचा अभिमान वाटला त्यांना. मी कंगवा ठेवून आत गेले. आता त्यांच्यावर पण जळायचं का मी? त्यांचं तर आधीच अर्धं अंग गेलंय.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज अण्णा बघितला.

म्हाताऱ्याचे वकील आले होते, त्यांची मुलाखत आमच्याच वेळेला, आमच्या शेजारच्या खिडकीत. म. त्याला दंडाला धरून घेऊन आला. आधी त्याला खुर्चीत टेकवलं, पाय नीट ठेवले, गळ्याभोवतीची शाल सारखी केली, आणि मग माझ्याकडे आला. मी घड्याळ बघत होते. माझ्या मिनिटांतली ती मिनिटं.

किती लहान माणूस! मला वाटलं होतं कोणी दांडगा असेल, पोलीस घाबरतात असा. पांढरी दाढी, मान सारखी हलतेय, जणू सगळ्याला नाही नाही म्हणतोय. त्याने काय केलंय ते मी विचारत नाही. कळलं तर म.चे हात त्याच्या अंगाला लागलेले मला सहन व्हायचे नाहीत.

म्हाताऱ्याचं वकिलांशी बोलणं लवकर संपलं. त्याने शिपायाला काहीतरी विचारलं. शिपाई आधी नाही म्हणाला, मग म्हणाला, दो मिनिट. म.ने त्याला आमच्या खिडकीशी आणलं आणि रिसीव्हर त्याच्या कानाला धरून उभा राहिला. स्वतःच्या हाताने त्याला धरता येत नाही.

"सूनबाई, नमस्कार. तुमच्याबद्दल इतकं ऐकलंय की बघायची इच्छा होती."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"नवीन लग्न झालं तेव्हा तुम्ही खालच्या टाकीवरून पाणी आणायचात. हा वरून खिडकीतून बघायचा. उतरून हंडा घ्यावा असं रोज वाटायचं म्हणे. पण शेजारी काय म्हणतील म्हणून नाही उतरला. त्याचं अजून त्याला लागतं, बरं का. मला दहादा सांगून झालंय."

मी म.कडे बघितलं. तो शिपायाकडे बघत होता. कान लाल.

"आणि तुम्ही भाकरी थापताना स्वतःशी काहीतरी म्हणता. काय म्हणता ते ह्याला अजून कळलेलं नाही. आज विचारून घे म्हटलं तर लाजतो."

म्हाताऱ्याने थरथरते हात जोडले, एकमेकांना लागतसुद्धा नव्हते. म. त्याला परत खुर्चीत बसवून आला तेव्हा आमची वेळ संपत आलेली. म्हणाला, "चांगले आहेत ना?"

मी म्हटलं, "येते."

१३ डिसेंबर, शनिवार

काल गाडीत बसून रडले. समोरच्या बाईने पाणी दिलं. तिला वाटलं कोणी गेलं.

माझं कौतुक मला सोडून एका कैद्याला. मी भाकरी थापताना काय म्हणते, हे त्याने ऐकलं होतं! तेव्हा उठून विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. तो टीव्हीचा आवाज मोठा करायचा.

वाईट वाटायला पाहिजे की आनंद, समजत नाही. दोन्ही होतंय आणि दोन्हीच्या खाली ते दुसरं आहे. रोज डोळ्यांवर टॉवेल टाकून तो माझ्याबद्दल बोलतो, आणि मी तिथे नाही. माझ्याच गोष्टीत माझ्या जागी अण्णा झोपलाय.

१६ डिसेंबर, मंगळवार

फोन घेतला. मीच विचारलं, "हंड्याचं मला का नाही सांगितलं?"

"तुला काय सांगायचं ते. तू तर तिथे होतीस."

फोन ठेवून मी परत खोकी भरायला गेले.

१९ डिसेंबर, शुक्रवार

कुंदाताईला अण्णाचं बोलणं सांगितलं. तिचे डोळे भरून आले. "दादा बोलला असं? आपला दादा?" मग म्हणाली, "राहू दे ना त्याला तिकडेच थोडे दिवस. सुधारतोय तो."

माझ्या जिवावर सुधारतोय का? मी काय, सुधारून झाला की डिलिव्हरी घ्यायला जायची?

२६ डिसेंबर, शुक्रवार

आज बोलून टाकलं. घरून ठरवूनच गेले होते.

"सही करा. केली नाहीत तर मी यायची बंद होणार. अण्णांनाच मुलाखतीला बसवा समोर."

त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. मग, "अण्णांचं कोण करेल?"

"आणि आईचं कोण करतंय?"

माझा आवाज चढला होता, मागचा शिपाई दोनदा बघून गेला. मी म्हटलं, "तुम्ही तिथे शिकलात ना माणसाला उचलायला? मग शिकलेलं घरी आणा. मी पण माणूसच आहे."

"वंदे," म्हणाला. असं फार वर्षांत म्हणाला नव्हता. मी मुद्दाम काचेवरून नजर काढली. बघितलं असतं तर सही नको म्हटलं असतं.

३० डिसेंबर, मंगळवार

वकीलबाईंचा फोन. सही झाली.

जिंकल्यासारखं वाटलं. घरी येताना जिलेबी घेतली. आईंना दुधात भिजवून भरवली. त्या विचारत होत्या कशाची? म्हटलं, म्हयंद्र जवळ येतोय.

१६ जानेवारी, शुक्रवार

ऑर्डर निघाली. कोर्टात तो पडद्यावर दिसला, मागे पांढरी भिंत. जजसाहेबांनी विचारलं, जायला तयार आहात? तो हो म्हणाला. हो म्हणायच्या आधी त्याने एकदा बाजूला बघितलं. बाजूला कोण होतं ते पडद्यात दिसत नव्हतं. मला माहीत आहे कोण नव्हतं. म्हातारा कशाला असेल तिथे? तरी मला तोच दिसला.

२७ जानेवारी, मंगळवार

म.ला इकडे आणलं. वकीलबाईंनी कळवलं. निघताना अण्णा भिंतीकडे तोंड करून झोपून राहिला, बोलला नाही, असं म.ने त्यांना सांगितलं. मला का सांगितलं त्यांनी हे?

३० जानेवारी, शुक्रवार

पहिली मुलाखत इकडची. रिक्षाने गेले. किती पटकन आलं! इथे काच नाही, फोन नाही, दुहेरी जाळी. पलीकडे सगळे एका रांगेत, अलीकडे आम्ही सगळे, आणि सगळेच ओरडतात. कोणाची तरी बायको, कोणाची आई, कोणी रडतंय, कोणी वकिलाला शिव्या देतंय.

म. उतरलाय. आठवडासुद्धा झाला नाही. बराकीत एका कुशीवर झोपायचं, वळायचं तर बाजूच्यांना हलवून. नळावर रांग. संडासला रांग. यार्डात फिरायला मिळतं, पण चालायला जागा नाही, लोक बसलेले असतात. टीव्ही लावला की भांडण, बंद केला की भांडण.

एवढं मी विचारून विचारून काढलं. स्वतःहून काही नाही.

"बोला की."

"काय बोलू?"

तोच. दारातला. चावी कुठाय विचारणारा. मी हाच मागवून घेतला.

येताना जाळीला बोट लावलं तर त्याने पण लावलं. मध्ये दोन जाळ्यांचं अंतर.

३१ जानेवारी, शनिवार

आईंनी विचारलं, आता खूश ना तू? टोमणा नव्हता. खरंच विचारत होत्या. मी त्यांची चादर बदलायला घेतली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

गेले. तो आला. उभे राहिलो. आले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मीच सुरुवात केली. ओरडून. "भाकरी थापताना मी काय म्हणते माहितेय? माझी आई बारशाला म्हणायची तो पाळणा." आजूबाजूच्या दोघी वळून बघायला लागल्या. म. जाळीच्या जवळ आला. "काय? ऐकू नाही आलं." परत ओरडून सांगितलं. तो हसला की रडला, जाळीत नीट दिसत नाही. पण कान जाळीला लावून उभा होता, हे खरं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

वकीलबाईंनी ऑफिसात बोलावलं. अण्णाच्या वकिलांचा त्यांना फोन आला होता. म्हातारा आंघोळीच्या हौदाशी पडला. खुबा मोडला. नवा मदतनीस दिलाय पण त्याच्या हातचं खात नाही, तोंड मिटून घेतो. महेंद्रचं नाव घेतो म्हणे. त्यांच्या वकिलांचं म्हणणं, महेंद्रने स्वतः अर्ज केला तर सेवेसाठी म्हणून त्याला काही दिवस परत तिकडे पाठवायची परवानगी मागता येईल.

"मैं फोर्स नहीं करूंगी," वकीलबाई म्हणाल्या. "इकडे आणायला एवढं केलंय आपण. पण त्याला सांगायला तर हवं ना? शुक्रवारी तूच सांग. सोमवारी मला हो की नाही कळव."

खाली दुकानात बायका साड्या उलगडून बघत होत्या. मी जिन्यात उभी राहिले. मनात पहिलं आलं ते इथे लिहीत नाही. दुसरं आलं ते, बरं झालं मला सांगितलं, त्याला नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज म. बोलला. आपण होऊन बोलला.

मी पोचले तर आधीच जाळीशी उभा, मला शोधत होता. गर्दी त्यातल्या त्यात कमी. म्हणाला, बराकीत एक अंबरनाथचा आहे, एमआयडीसीत कामाला होता, मी तुझ्या कपड्यांच्या वासाचं सांगितलं तर त्याने तुझी कंपनी ओळखली. मग पहिल्या रात्रीचं सांगितलं, दोन वर्षांपूर्वी पकडलं तेव्हाचं. तो लॉकअपमध्ये भिंतीला टेकून बसलेला आणि एकच विचार करत होता, गॅसचा नंबर लावलाय का. हसत होता सांगताना. मी पण हसले. मग आईंचं विचारलं. कुशीवर कशी वळवतेस, पाठ लाल होते का, चादर दुहेरी घालून ओढत जा म्हणजे तुझी कंबर धरणार नाही. हाताने करून दाखवलं. शिपायाने वेळ झाली म्हटलं तरी बोलत होता. मला वाटत होतं, हे आहे. हेच ते, टॉवेलखालचं. आज माझ्याशी.

आणि मग विचारलं, "अण्णांचं काही कळलं?"

मी म्हटलं, "नाही."

"बरं असेल मग," म्हणाला. मग पुन्हा कंपनीचं काहीतरी विचारायला लागला. मी सगळ्याची उत्तरं दिली. रिक्षात बसेपर्यंत ठीक होते.

चादर दुहेरी घालून बघितली. खरंच आई हलक्या झाल्या. त्यांनी विचारलं काय काय बोलला, मी सगळं सांगितलं, गॅसच्या नंबरासकट. त्या ऐकताना अर्ध्या तोंडाने हसत होत्या, आणि मी सांगत होते, सांगत होते, थांबायचं मला कळत नव्हतं. थांबले असते तर ते राहिलेलं सांगावं लागलं असतं.

परवाचा रविवार गेला की वकीलबाईंचा सोमवार.